शेतावर बाहेरची माणसं कामाला आहेत, गावात कुजबुज सुरू झालीय, काय करावं?

मुरबाडचा_ठाणेकर

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात कोलशेतला राहतो, नोकरी इकडेच, पण घरची शेती मुरबाड तालुक्यात आहे, धाकटा भाऊ बघतो. पावसात भात, आणि भात निघालं की दीड एकरावर भेंडी. ज्यांनी भेंडी केलीय त्यांना सांगायला नको पण बाकीच्यांसाठी सांगतो, भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते, एक तोडा चुकला की ती जून होते, एक्सपोर्टवाला बोटभर मापाच्या वरची घेतच नाही आणि मग ती कल्याणच्या मार्केटला मिळेल त्या भावाने टाकावी लागते. पहाटे अंधारात बॅटरी लावून सुरू करायचं, नऊ वाजता टेम्पो. बाह्या खाली ओढून हातमोजे घातले तरी अंगाला खाज सुटते. हे काम करायला आमच्या गावात आता माणूस मिळत नाही, हे मी तक्रार म्हणून नाही सांगत, जे आहे ते सांगतोय. पोरं एमआयडीसीत जातात, डिलिव्हरी करतात, आणि आदिवासी वाडीतली माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात ती पाऊस पडायच्या वेळेला परत येतात.

तर आमच्याकडे एक नेपाळी जोडपं चार वर्षं आहे, राखण आणि पाणी बघतात. आणि ह्या सीझनला भावाने कल्याणच्या एका मुकादमाकडून सहा जण आणले, बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातले आहोत म्हणतात. पंपाच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. काम एक नंबर, दारू नाही काही नाही. मुकादम पैसे घेतो आणि त्यांना देतो, किती देतो ते भावाला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात पारावर विषय निघाला की हे बांगलादेशी आहेत, ह्यांना हाकला नाहीतर आम्ही पोलिसांत देतो. बोलणारे काही परके नाहीत, आमच्याच भावकीतले आहेत, एक तर चुलत काका. भाऊ घाबरलाय. बायको म्हणते आत्ताच्या आत्ता काढून टाका, नको ती भानगड.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चोरून सीमा ओलांडून येणं मला मान्य नाही, कोणी कितीही गरीब असला तरी. पण हे सहा जण तसे आलेत हे मला कोणी सांगितलं? त्यांची भाषा बंगाली आहे एवढंच. आणि खरं सांगायचं तर ह्या निमित्ताने माझ्या लक्षात आलं की मला सहापैकी दोघांचीच नावं माहीत आहेत, तीन महिने आमच्या रानात राबतायत आणि मला चौघांची नावं माहीत नाहीत, ह्याची मला लाज वाटली.

विचारायचं असं की नेपाळी जोडप्याचं कायद्याने बरोबर आहे ना? आणि ह्या सहा जणांचं खरंखोटं मी कसं बघू? शेती करणारे इथे बरेच आहेत, तुमचं स्वतःचं काय मत आहे तेही लिहा.

किन्हवलीकर

दादा स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी शहापूर तालुक्यात शेती करतो, भात आणि काकडी. वाडीत यायचं तर बेड्यातून म्हणजे फाटकातून या, वई म्हणजे कुंपण मोडून येऊ नका, मग तुम्ही कोणी का असेना. जानेवारी २०२५ मध्ये त्या नटाच्या, सैफ अली खानच्या घरात घुसून हल्ला झाला तेव्हा आरोपी कुठे सापडला, ठाण्यात कासारवडवलीला, मजुरांच्या वस्तीजवळ, आणि पोलिसांनी सांगितलं तो बांगलादेशी आहे, नाव बदलून राहत होता. मग लोकांनी घाबरायचं नाही का?

पण माझा मुख्य राग वेगळा आहे. माझ्याकडे आवणीला, म्हणजे भात लावायला, बायका येतात त्यांना मी ४५० रुपये आणि दुपारचं जेवण देतो. शेजारी मुकादमाची माणसं आणतो, त्याला माणशी ३०० पडतात. का पडतात? कारण ज्याच्याकडे कागद नाही तो भांडू शकत नाही, तो मुकादमाला विचारू शकत नाही की माझे बाकीचे पैसे कुठे. मग माझा शेजारी मला म्हणतो तूच रेट बिघडवतोस, आणि आमच्या ठाकरवाडीतल्या बायकांना पुढच्या वर्षी कमी सांगायला बघतो. म्हणजे नुकसान कोणाचं झालं, आमच्याच माणसांचं. म्हणून मी म्हणतो बेकायदा माणूस ठेवूच नका. त्या माणसावर माझा राग नाही, तो पोटासाठी आला. आणणाऱ्यावर आणि ठेवणाऱ्यावर आहे. तुमच्या भावाला मुकादम माणसांना किती देतो हेच माहीत नाही म्हणता, तिथेच चुकलंय.

डोंबिवली_फास्ट_लोकल

मग नेपाळी कसा चालतो? तोही परदेशीच ना. रत्नागिरीला आंब्याच्या बागा तर नेपाळी माणसांशिवाय चालतच नाहीत, माझे सासरे देवगडचे, त्यांच्याकडे दरवर्षी तीच कुटुंबं येतात.

कोर्टनाका

मी ठाण्यात कोर्टात नोकरी केली, आता रिटायर आहे. वकील नाही हे आधी सांगतो, पण अशी प्रकरणं डोळ्यासमोरून गेलीत म्हणून लिहितो.

नेपाळचं सोपं आहे. ३१ जुलै १९५० ला भारत आणि नेपाळचा मैत्री करार झाला, त्यात एकमेकांच्या नागरिकांना राहायला, फिरायला, धंदा करायला मुभा दिलेली आहे. नेपाळी माणूस जमिनीवरून सीमा ओलांडून व्हिसाशिवाय येतो, काम करतो, परत जातो, त्यात बेकायदा काही नाही. त्यांचं नेपाळचं नागरिकत्वाचं कार्ड असतं, त्याची कॉपी घेऊन ठेवा आणि पोलीस स्टेशनला माहिती द्या, बस.

बंगालमधून आलेला माणूस हा तर मुळात परदेशी नाहीच हो. मालदा, मुर्शिदाबाद, नदिया हे आपले जिल्हे आहेत, तिथला माणूस मुरबाडला भेंडी तोडायला येतो तो घटनेच्या कलम १९ खाली, जसा मुरबाडचा माणूस ठाण्याला आणि साताऱ्याचा माणूस माथाडी म्हणून नवी मुंबईला येतो तसाच. ह्याला इमिग्रेशन म्हणतच नाहीत. गावात ह्या दोन गोष्टींची सरमिसळ होते आणि तिथून सगळा गोंधळ सुरू होतो.

आता खरंच बांगलादेशातून चोरून आलेला असेल तर कायदा कडक आहे आणि तो असायला पाहिजे असं माझंही मत आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्सचा नवीन कायदा लागू झाला, १९२० चा पासपोर्टचा आणि १९४६ चा फॉरेनर्स अॅक्ट धरून चार जुने कायदे त्यात गेले. पासपोर्ट व्हिसा नसताना आत आला तर पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हिसा संपून राहिला तर तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि मी परदेशी नाही हे दाखवायची जबाबदारी त्या माणसावरच आहे, ही जुन्या कायद्यातही होती.

तुम्ही म्हणाल आधार बघू. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधारच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने ठाण्याच्याच एका केसमध्ये जामीन नाकारताना सांगितलं की आधार, पॅन, मतदार कार्ड हातात आहे म्हणून माणूस नागरिक ठरत नाही. मग काय बघायचं, तर जन्म कधीचा. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मला असेल तर जन्माने नागरिक. त्यानंतर २ डिसेंबर २००४ पर्यंतचा असेल तर आईवडिलांपैकी एक जण भारतीय पाहिजे. त्यानंतरचा असेल तर एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नको. म्हणजे विशीतल्या पोराला स्वतःचा नाही, आईबापाचा कागद दाखवावा लागतो. आता हा कागद मजुरीवर आलेला पोरगा पिशवीत घेऊन फिरतो का?

म्हणून माझं म्हणणं, तुम्ही न्यायाधीश होऊ नका आणि पारावरच्या लोकांनाही होऊ देऊ नका. नाव, गाव, तिथलं पोलीस ठाणं, घरच्यांचा फोन नंबर एका वहीत लिहा, कागदांचे फोटो घ्या, मूळ कागद अजिबात स्वतःकडे ठेवून घेऊ नका, आणि पोलिसांकडे रीतसर माहिती द्या. बंगाल सरकारचं बाहेरगावी गेलेल्या कामगारांसाठी मंडळ आहे, तिथूनही खात्री करता येते.

एक गोष्ट अजून सांगतो, कारण ती आपल्या जिल्ह्यातली आहे. जून २०२५ मध्ये मीरा रोडला गवंडीकाम करणारा मुर्शिदाबादचा माणूस बांगलादेशी समजून पकडला गेला आणि सीमेपलीकडे ढकलला गेला. घरच्यांनी कागद पाठवले होते. नंतर तो भारतीय आहे म्हणून परत आणावा लागला, त्याच्याबरोबर अजूनही काही जण. विचार करा, रात्री शेतात, पलीकडच्या देशात, फोनवरून रडत घरच्यांना सांगतोय. ज्याने कोणी पहिल्यांदा बोट दाखवलं असेल त्याने काय मिळवलं.

किन्हवलीकर

काका माहितीबद्दल धन्यवाद, तुमचं बरोबर आहे की बंगाली म्हणजे बांगलादेशी नाही. पण मग आम्ही ओळखायचं कसं, दोघांची भाषा एक, तोंडवळा एक. शेतकऱ्याने काय काय बघायचं, खत बघायचं, पाणी बघायचं, आता नागरिकत्व पण बघायचं का.

कोर्टनाका

तोंडवळ्यावरून ओळखूच नका एवढंच म्हणतोय. वहीत लिहा आणि कळवा. तुमचं काम तिथे संपलं.

ऐरोली_१९

मी थोडं दुसरीकडचं सांगते, पण विषय हाच आहे. माझा आतेभाऊ कॅलिफोर्नियात तुलारे भागात गुरांचा डॉक्टर आहे, तिकडे सगळा दुधाचा धंदा, एकेका गोठ्यावर दोन-तीन हजार गायी. तो रीतसर गेला, शिकायला गेला, मग नोकरीचा व्हिसा, आणि ग्रीन कार्डसाठी तेरावं वर्ष चालू आहे. तिकडे एका देशाच्या लोकांना वर्षाला सात टक्क्यांच्या वर ग्रीन कार्ड देत नाहीत म्हणून भारतीयांची रांग संपतच नाही. माझ्या आत्याचे यजमान वारले तेव्हा तो स्टॅम्पिंगच्या, म्हणजे परत जाताना व्हिसाचा शिक्का मिळेल की नाही ह्या भीतीने येऊ शकला नाही, नवी मुंबईतून आम्ही व्हिडिओ कॉलवर दाखवलं सगळं. त्यामुळे कुंपणावरून उडी मारून आलेल्यांबद्दल तो बोलायला लागला की राग अगदी आतून येतो, मी रांगेत उभा राहिलो आणि हे असे आले.

आणि तोच सांगतो की गोठ्यात दूध काढणाऱ्या मेक्सिकन माणसांपैकी किती जणांकडे कागद आहेत हे कोणी विचारत नाही, कारण विचारलं तर सकाळी तीनच्या पाळीला कोणी येणार नाही. तिकडे शेतमजुरांसाठी एच-२ए नावाचा व्हिसा आहे, त्याला संख्येची मर्यादा नाही, मालकाने राहायला फुकट जागा द्यायची, ठरलेली मजुरी द्यायची. पण तो फक्त हंगामी कामाला मिळतो. स्ट्रॉबेरी तोडायला मिळेल, दूध काढायला नाही, कारण गाय काय हंगामापुरती दूध देत नाही, वर्षभर पिळावी लागते. म्हणजे गोठेवाल्याला कायद्याने माणूस आणायचा रस्ताच नाही. तिकडच्या सरकारच्याच सर्व्हेत पिकांवर काम करणाऱ्या मजुरांपैकी साधारण ४० टक्के बिनकागदाचे निघतात. १९८६ मध्ये एकदा कायदा करून शेतीत काम केलेल्या दहा लाखांवर लोकांना कागद दिले, त्यानंतर परत नवीन लोक आलेच.

हे सगळं ऐकून मला असं वाटायला लागलंय की आधी रस्ता ठेवायचा नाही आणि मग माणूस आडवाटेने आला की फक्त त्यालाच पकडायचं, हे बरोबर नाही. पण आतेभावाचा रागही मला खोटा वाटत नाही. त्याने बापाचं तोंड बघितलं नाही.

शहापूर_ते_कुठेही

ताई तुम्ही बाहेरचं काढलंत म्हणून लिहितो. वय २४, कृषी डिप्लोमा. मला एका एजंटने इटलीला शेतात कामाला पाठवतो म्हणून नऊ लाख सांगितले होते, व्हिसा हंगामी, तिथे गेल्यावर राहून जायचं बाकीचं आपोआप होतं असं म्हणाला. बाबा एक एकर विकायला तयार झाले होते, समृद्धी महामार्ग झाल्यापासून भाव चांगला आहे. मग मी थोडं वाचलं. इटलीत लाटिना भागात पुष्कळ पंजाबी शेतमजूर आहेत, जून २०२४ मध्ये तिथल्या एका कागद नसलेल्या पंजाबी मजुराचा हात यंत्रात सापडून तुटला आणि मालकाने हॉस्पिटलात न्यायचं सोडून त्याला घराबाहेर नेऊन टाकलं, तुटलेला हात फळांच्या क्रेटमध्ये. दोन दिवसांनी गेला तो. तेव्हा बाबांना मी स्वतः वाचून दाखवलं. आई म्हणाली मीठभाकर खाऊ पण जमीन विकायची नाही.

फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ जण बेड्या घालून अमृतसरला उतरवले त्यात तीन महाराष्ट्रातले होते. त्यांना आपण बेकायदा घुसखोर म्हणणार का? म्हणत नाही ना, बिचारे फसले म्हणतो. मुरबाडच्या दादांच्या सहा पोरांचा विचार करताना मला हे आठवलं.

जाता जाता, कोणाला खरंच परदेशी कामाला जायचं असेल तर एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का बघा, त्याला फी जास्तीत जास्त ३० हजार आणि वर जीएसटी एवढीच घेता येते. नऊ लाख मागणारा तिथेच ओळखू येतो.

भातसा_काठ

मी कातकरी समाजाचा, शहापूर तालुका, आता कळव्याला खाजगी नोकरी. हे सगळं वाचत होतो, बोलणार नव्हतो.

दादा तुम्ही लिहिलंत गावात माणूस मिळत नाही, आदिवासी वाडी भट्टीवर जाते. का जाते ते कोणी विचारलं नाही वरती. माझे आईबाप माझ्या लहानपणी दरवर्षी जायचे, कधी भिवंडीकडे कधी पनवेलकडे. गणपतीच्या दरम्यान घरात दाणा नसतो, औषधाला पैसे नसतात, तेव्हा भट्टीवाल्याचा माणूस येऊन उचल देऊन जातो, पाच हजार दहा हजार. दिवाळी झाली की टेम्पो दारात. मग सहा-सात महिने विटा पाडायच्या, आठवड्याला खर्चीपुरते पैसे, आणि पाऊस आला की हिशोब, त्या हिशोबात नेहमी आपल्यावरच काहीतरी फिरलेलं निघायचं. ते फेडायला पुढच्या वर्षी परत. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ चा आहे. माझी बहीण तिसरीनंतर शाळेत गेली नाही, भट्टीवर धाकट्याला सांभाळायला लागायची.

तुम्ही शेतकरी लोक उचल देत नाही, रोजावर बोलावता, काम असेल त्या दिवशी. रोहयोची २०२५-२६ ची मजुरी ३१२ रुपये, पण काम पाहिजे तेव्हा निघत नाही. गणपतीत हातावर पैसे ठेवणारा भट्टीवाला असतो म्हणून माणूस तिकडे जातो. आणि मग ती जागा भरायला मालद्यावरून माणूस येतो. तोही तिकडे काहीतरी उचल घेऊनच आला असेल, विचारून बघा.

दुसरं कागदाचं. केंद्र सरकार आम्हाला विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणतं, महाराष्ट्रात असे तीनच, आम्ही, कोलाम आणि माडिया गोंड. ह्या जंगलात आमच्या कोणा पिढीपासून आहोत ते कोणाला सांगता येणार नाही. आणि जातीच्या दाखल्यासाठी माझ्या बापाला सहा वर्षं हेलपाटे घालावे लागले, कारण घराची जागा आमच्या नावावर नाही, जन्माची नोंद नाही, बाप भट्टीवर जन्मला. उद्या कोणी माझ्या आजीला पारावर उभं करून कागद मागितला असता तर तिच्याकडे काय होतं, एक रेशनकार्ड, तेही फाटलेलं. किन्हवलीकर दादा तुमचा रेटचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो, आमच्या बायकांना तो फटका बसतोच. पण कागद नाही म्हणून माणूस बाहेरचा, हे मी कधी बोलणार नाही.

किन्हवलीकर

भाऊ उचलीचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही चार-पाच शेतकरी मिळून गणपतीला आगाऊ पैसे देऊ शकतो का, आणि मग आवणी ते झोडणी आणि पुढे काकडीचं काम तुमच्याच वाडीला, लेखी हिशोब. ह्या वर्षी बोलून बघतो. तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर मेसेज करा.

भातसा_काठ

करतो. हिशोबाची वही दोन करा, एक आमच्याकडे राहील.

मुरबाडचा_ठाणेकर

सगळ्यांचे आभार. रविवारी गावी जाऊन आलो, काय झालं ते सांगतो.

शनिवारी रात्री भावाने त्यांना सांगितलं की उद्या दादा येणार, कागद बघणार, मग पोलिसांकडे नोंद करणार. सकाळी मी पोचलो तेव्हा शेडमध्ये चौघेच होते. दोघं रात्रीतून गेले.

चौघांनी लगेच कागद काढले. त्यांच्या मोबाईलमध्ये बापाच्या नावाचं २००२ च्या मतदार यादीचं पान आहे, बंगालमध्ये मतदार यादीची तपासणी लागली तेव्हा ते जुन्या यादीतलं नाव शोधावं लागलं म्हणून सगळ्यांनी फोटो काढून ठेवलाय. एकाने आईला फोन लावून दिला, तिला मराठी येत नाही मला बंगाली नाही, मोडक्या हिंदीत बोललो, ती सारखी एकच विचारत होती की पोराला काही झालं का. सगळं वहीत लिहिलं आणि भाऊ त्यांना घेऊन पोलीस स्टेशनला जाऊन आला. काकांना मी स्वतः घरी जाऊन सांगितलं. ते म्हणाले बरं केलंस, पण गेलेल्या दोघांचं काय ते सांग.

त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. चौघांना विचारलं, ते म्हणाले ते दोघं आमच्या गावचे नव्हते, मुकादमाने कल्याणला गाडीत बसवताना बरोबर दिले. ते बांगलादेशी होते म्हणून गेले की पोलीस म्हटल्यावर घाबरून गेले, मला कळायला मार्ग नाही. बायको म्हणते बघ, होतेच ते. असतीलही. मी होतो त्याच मतावर आहे, चोरून आला असेल तर कायद्याने परत जावं. फक्त जाताना एकाने हातमोजे धुऊन दोरीवर वाळत घातले होते ते तसेच आहेत, आणि त्यांची मजुरी राहिलीय, नऊ दिवसांची. आणि भातसा काठ म्हणाले ते खरं निघालं, मुकादम माणशी ४५० घेत होता आणि त्यांच्या हातात २५० देत होता, प्रत्येकाने घरून निघताना सहा हजार उचल घेतलेली. आजपासून चौघांचे पैसे भाऊ थेट त्यांच्या हातात देणार, मुकादमाला तसं सांगायला फोन लावला तर तेव्हापासून त्याचा फोन बंद आहे.

दोघांचे नऊ दिवसांचे ४५० ने ८१०० होतात. पाकिटात घालून आईच्या कपाटात ठेवलेत. कोर्टनाका काका, हे पैसे मी कोणाकडे द्यायचे? मुकादमाला द्यायचे नाहीत हे पक्कं आहे. त्यातल्या एकाचं नाव मला माहीत होतं, तेही आता खरं की खोटं माहीत नाही.